लाडवाच्या डब्यातली सातवी चिठ्ठी

दुबईत चोवीस वर्षं काय केलंस, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच आहे: चिठ्ठ्या टाकल्या. नोकरी एका कॉलेजात, आणि व्हिसावर 'स्पोर्ट्स ऑफिसर' असं भारदस्त लिहिलेलं असायचं. साताऱ्याच्या नातेवाइकांना वाटायचं, शैलजा तिथे शेखांच्या मुलांना पळायला शिकवते. कुणी विचारलं की नवरा सांगायचा, "ती ड्रॉ काढते." ऐकणाऱ्याला वाटायचं, लॉटरीचं काहीतरी असावं. मग तो माणूस जरा जवळ सरकून बसायचा.

ड्रॉ म्हणजे सामन्यांचं वेळापत्रक. कॉलेजांच्या मुलींची व्हॉलीबॉल लीग होती, नऊ कॉलेजं. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण शारजात शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी, आमच्याकडे शुक्रवारी अर्धा दिवस. एका कॉलेजात फार्मसीच्या परीक्षा, दुसऱ्यात नर्सिंगच्या. रमझानमध्ये सूर्यास्ताच्या वेळी हॉलमध्ये चिटपाखरू नसतं, आणि रमझान चंद्र बघून लागतो, तो माझं वेळापत्रक बघून लागत नाही. नऊ हा विषम आकडा, म्हणून दर फेरीत एक संघ घरी बसणार. आपणच का बसायचं, यावरून कोच मंडळी रुसणार. हे रुसवे टाळायचा एकच मार्ग मला सापडला होता, तो म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिठ्ठ्या टाकायच्या. जे निघेल ते निघेल.

त्या चिठ्ठ्या मी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केल्या होत्या. एका बाजूला इंग्रजीत नाव, दुसऱ्या बाजूला अरबीत, वर सेलोटेप. आणि त्या हलवायला माझा लाडवाचा स्टीलचा डबा, कारण त्याचं झाकण घट्ट बसतं. दिवाळीत डब्यात लाडू, बाकी वर्षभर कॉलेजं. एरवी तो डबा ऑफिसच्या कपाटात असायचा, आणि नव्या मुली त्याच्याकडे मोठ्या आशेने बघायच्या.

आमच्या लीगचा एक रिवाज होता, कुठल्याही नियमपुस्तकात न लिहिलेला. सामना संपला की यजमान संघाने हॉलच्या जमिनीवरच लांब प्लास्टिक अंथरायचं आणि पाहुण्या संघाला जेवायला घालायचं. अरबीत त्याला सुफ्रा म्हणतात. पंगतच ती. हरलेली पोरगी जिंकलेलीच्या शेजारी बसून भात ओरपते, तेव्हा पंचाच्या नावाने कुरकुर करायला तोंड रिकामं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी या पंगतीने निम्म्यावर आणल्या, हे मी शपथेवर सांगेन.

सगळ्यात झकास पंगत फुजैराची. फुजैरा पार पूर्व किनाऱ्यावर, डोंगर ओलांडून दीड तास. जहाजांना तेल भरायचं बंदर, आणि त्याच्या आजूबाजूला छोटंसं गाव म्हणावं असं शहर. तिथल्या कॉलेजची कोच कॅप्टन नादिया. ही इजिप्तची. तिकडे कोचला कॅप्टनच म्हणतात. उंच, आवाज भोंग्यासारखा, आणि सामना हरला की पंचालाच मिठी मारून "यल्ला, आधी जेव" म्हणणारी. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलायचो आणि आमचं एकमेकींशी उत्तम जमायचं.

तिच्या संघाची सेटर होती वैदेही. सेटर म्हणजे दुसरीला मारायला चेंडू उचलून देणारी. मारणारीला टाळ्या मिळतात, पण सेटर चांगली नसेल तर मारणारीने हवेत नुसते हात हलवायचे. वैदेहीचे वडील गुहागरचे, जहाजांना तेल पोचवणाऱ्या बार्जवर काम करायचे. कॉलेजने संघातल्या मुलींची फी माफ केली होती, अट एकच, संघ मान्यताप्राप्त लीगमध्ये खेळत असला पाहिजे. वैदेहीची दोन वर्षं अजून बाकी होती.

आणि अशात आमच्या लीगमध्ये 'मार्केट' आलं.

ते आलं रोहनच्या रूपाने. रोहन पुण्याचा, पस्तिशीचा, स्पोर्ट्स मार्केटिंग कंपनीत. मुलगा गोड. मला भेटला की वाकून नमस्कार करायचा आणि सरळ होता होता लॅपटॉप उघडायचा. "मॅम, तुम्ही लोक एवढं अमेझिंग प्रॉडक्ट घेऊन बसलाय आणि बघायला कोण? पॅरेंट्स आणि वॉचमन!"

मी म्हटलं, "आमचा वॉचमन व्हॉलीबॉल चांगला जाणतो रे."

"पॉइंट तो नाहीये, मॅम."

पॉइंट असा होता, की दुबई, शारजा आणि अबू धाबीतल्या सहा मोठ्या कॉलेजांनी जुनी लीग सोडून नवी लीग काढायची. नाव 'सुपर सिक्स'. प्रायोजक तयार होता, मोठा पडदा, थेट प्रक्षेपण, चकचकीत हॉल. उरलेली तीन कॉलेजं लहान आणि लांबची: अजमान, रास अल खैमा आणि फुजैरा. त्यांना 'व्ह्यूअरशिप' नाही. मीटिंगमध्ये आमच्या डायरेक्टरांनी हात वर केला, माझ्याकडे पाहिलं, आणि मीही वर केला. तसा माझ्या हाताला कुणी विचारत नव्हतं. तो वर गेला नसता तरी ठराव झालाच असता. पण गेला, हे खरं आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

जुन्या लीगचा शेवटचा सामना फुजैरात होता, दिवाळीच्या आठवड्यात. मी डबाभर बेसनाचे लाडू करून नेले. चिठ्ठ्या तेवढ्यापुरत्या प्लास्टिकच्या पिशवीत. पंगतीला वैदेहीच्या आईने घावणे आणि नारळाचा रस आणला होता, नादियाने कोशरी केली होती. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी आणि वर तळलेला कांदा, सगळं एकत्र. आमच्या मुलींनी तीवरच नारळाचा रस ओतला आणि कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

जेवताना वैदेही माझ्याशेजारी येऊन बसली. मी मराठीत काही विचारलं तर ती समजून घ्यायची, पण उत्तर इंग्रजीत. "मॅम, इज इट ट्रू? वी आर आउट?"

"हो गं बाळा."

"ओके," ती म्हणाली. मग बराच वेळ ती पानातला लाडू बोटाने फोडत बसली. तिची आई शेवटचा घावणा वाढायला आली ती तिथेच टेकली.

"ताई, हिचे बाबा म्हणतात, लीग गेली तर फीमाफी गेली. मग हिला गावी पाठवायची, चिपळूणच्या कॉलेजात घालायची. दुसरं काय करणार?" आणि एकदम उजळून म्हणाली, "पण ताई, ड्रॉ तुमच्याच हातात ना? मग टाका की आमच्या पोरींचं नाव!"

मी त्यांना समजावलं, की वहिनी, चिठ्ठी ज्यांची लीगमध्ये नोंद आहे त्यांचीच टाकतात, माझ्या हातात फक्त डबा असतो. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसलेला दिसला नाही. निघताना मी डबा घाईघाईत टिश्यूने पुसला आणि चिठ्ठ्या पुन्हा आत टाकल्या. बेसनाच्या लाडवाचं तूप टिश्यूने जात नाही, हे साताऱ्याच्या बाईला माहीत नसावं?

नव्या लीगच्या ड्रॉचा 'इव्हेंट' जानेवारीत एका हॉटेलात ठरला. त्या दिवशी अल कुसैसच्या घरातून निघण्यापूर्वी मी टेबलावर डबा उलटा केला. तीन चिठ्ठ्या काढून टाकायच्या होत्या. अजमान काढली. रास अल खैमा काढली. फुजैरा शोधत होते, तेवढ्यात फोन वाजला. नादियाच.

"मिस शैलजा, हबीबती, आज तुझा मोठा दिवस. मब्रूक!"

"कसलं अभिनंदन," मी म्हटलं. "तुझं काय चाललंय?"

"जर्सी धुवायला दिल्या. धुऊन आल्या की स्टोअररूमला कुलूप. खलास." ती हसली, पण तिच्या त्या भोंग्यासारख्या आवाजात हसू कसंतरीच वाटलं. "मुलींना मी अजून सांगितलं नाही. रोज प्रॅक्टिसला येतात. मीही जाते."

फोन ठेवला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. टेबलावरच्या चिठ्ठ्या मोजल्या. सहा. लीग सहाचीच होती. सहाच्या सहा आत टाकल्या, झाकण लावलं. नऊतून दोन काढल्या तर सात उरायला हव्यात, हे मला सुचलंच नाही. आयुष्यभर नऊ संघांची वेळापत्रकं पाठ म्हणणारी बाई, आणि नऊ वजा दोन चुकली.

हॉटेलात वेगळाच घोळ. रोहनने ड्रॉसाठी मला न सांगता सोनेरी गोळे मागवले होते, प्रत्येकात एकेक नाव. पण तालमीत ते गोळे कुणालाच उघडेनात. हॉटेलच्या वेटरने सुरी आणली, तिचं टोक वाकलं. रोहनचा चेहरा पांढराफटक. मग त्याची नजर माझ्या पिशवीकडे गेली.

"मॅम, तुमचा तो डबा आणलाय?"

"आहे की. सवयीने आणते."

"परफेक्ट! लेट्स गो ऑथेंटिक!"

अशा रीतीने माझा लाडवाचा डबा झगमगत्या स्टेजवर गेला. पाहुणे म्हणून प्रायोजकांचे वडील आले होते, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घातलेले, हातात काठी, सत्तरी उलटलेले गृहस्थ. सगळे त्यांना 'बाबा' म्हणत होते. त्यांनी डब्याकडे कौतुकाने पाहिलं आणि मला खूण केली, हलव. मी हलवला. नेहमी हलवते तसा, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर नेऊन, खालून एक थाप मारून. ती थाप मला महागात पडणार होती.

पहिली चिठ्ठी निघाली, पडद्यावर त्या कॉलेजचं बोधचिन्ह फिरत फिरत आलं, टाळ्या. दुसरी, टाळ्या. तिसरी चिठ्ठी बाबांनी काढली, बोटं एकमेकांवर चोळली, जरा वास घेतला, आणि अरबी बाजू वाचून माइकमध्ये दणदणीत आवाजात म्हणाले, "अल फुजैरा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक ड्रॉमध्ये कशालाही टाळ्या वाजवतात. पडद्यावर मात्र काहीच आलं नाही, कारण फुजैराचं बोधचिन्ह कुणी केलंच नव्हतं. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर तुपाचा पिवळा डाग मला चार हातांवरून दिसत होता. दोन महिने ती चिठ्ठी डब्याच्या तळाला चिकटून बसली होती आणि माझ्या थापेने सुटली होती.

मी पुढे झाले. "माफ करा, बाबा. ती जुनी चिठ्ठी आहे. माझी चूक. हे कॉलेज आता लीगमध्ये नाही."

माइक चालूच होता.

"नाही?" बाबा म्हणाले. "का नाही?"

मी रोहनकडे पाहिलं. रोहन म्हणाला, "सर, लोकेशन इज अ चॅलेंज. इट्स व्हेरी फार."

बाबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. ते इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ बोलत. "मुला, मी लहान असताना वडिलांबरोबर फुजैराला मासळी आणायला जायचो. कोरड्या नदीच्या पात्रातून, दगडांतून, पूर्ण दिवस लागायचा. टायर फुटला तर दोन दिवस. आता डोंगरातून रस्ता केलाय. कॉफी गार होण्याआधी माणूस पोचतो. लांब म्हणजे काय, ते मला तू सांगणार?"

सगळं सभागृह हसलं. रोहनही हसला, कारण थेट प्रक्षेपणात दुसरं काय करणार? बाबांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली नाही. ती टेबलावर बाकीच्या दोन चिठ्ठ्यांच्या ओळीत व्यवस्थित ठेवली. "नाव निघालं ते निघालं. परत डब्यात घालतात का? खलास. पुढची."

पडद्यामागे मग जी धावपळ झाली ती इथे सांगत नाही, आमचे डायरेक्टर हा अंक वाचतात. एवढंच सांगते, की ठरलं: फुजैराला एक सीझन 'पाहुणा संघ' म्हणून घ्यायचं, पुढचं पुढे. मान्यताप्राप्त? हो, तसं पत्र देऊ. ते पत्र मी तिथेच उभी राहून रोहनकडून टाइप करून घेतलं आणि मगच त्याला पाणी पिऊ दिलं. नादियाला फोन केला तेव्हा ती इतक्या जोरात किंचाळली, की पलीकडे उभ्या वेटरने वळून पाहिलं. मग ती म्हणाली, "थांब, लाँड्रीवाल्याला फोन करते, जर्सी आजच हव्यात."

सुपर सिक्सचा थाट काय सांगू! आमच्या कॉलेजचं शुभचिन्ह बहिरी ससाणा. रोहनने त्याचा पोशाख शिवून आणला, पण डोक्याला हवा जायला भोकं ठेवायची राहिली. पहिल्याच दिवशी ससाणा दुसऱ्या सेटमध्ये घेरी येऊन खुर्चीवर बसला आणि लिंबूपाणी मागू लागला. टाइम-आउट तीस सेकंदांचा असतो, जाहिरात निघाली पंचेचाळीस सेकंदांची. त्यामुळे पंधरा सेकंद बाराच्या बारा मुली मैदानात चेंडूकडे बघत उभ्या. एकीने मला विचारलं, "मॅम, आर वी बफरिंग?" आणि पंगतीवर बंदी. सामन्यानंतर प्रायोजकांचे खोके, प्रत्येकीचा वेगळा, जिने तिने आपापल्या बसमध्ये बसून खायचे. माझ्याकडे तक्रारी पुन्हा येऊ लागल्या.

फुजैराचा घरचा सामना पडला तो नेमका आमच्याशी. रोहन कॅमेरे घेऊन चेहरा पाडूनच निघाला होता. "मॅम, रिकाम्या खुर्च्या दाखवायच्या कशा, सांगा." हॉलच्या दारात पोचलो तर आत शिरायला जागा नव्हती. बार्जवरचे लोक, टर्मिनलवरचे लोक, ड्यूटी संपवून कामाच्या निळ्या कपड्यांतच आलेले. कुणी मालवणी, कुणी मल्याळी, कुणी पठाण. वैदेहीच्या वडिलांनी जहाजावरचा हाताने वाजवायचा भोंगा आणला होता, आणि ते प्रत्येक पॉइंटला वाजवत होते, आमच्या पॉइंटलासुद्धा. तिकीट वीस दिरहम. वैदेहीची आई दारातच मला म्हणाली, "ताई, साडेचारशे रुपये देऊन पोरीचा खेळ बघायचा! घरात फुकट नाचते ती." पण अख्ख्या बिल्डिंगला तिकिटं काढायला लावली होती तिने.

सामना पाच सेट चालला. मी आमच्या बाकावर बसले होते आणि मनातून कुणाच्या बाजूने होते, ते सांगायची सोय नाही. वैदेहीने त्या दिवशी असे चेंडू उचलले, की मारणाऱ्या पोरींना नुसता हात वर न्यायचा बाकी होता. शेवटच्या सेटला चौदा-तेरा आमच्या बाजूने असताना तिने नेटवर उडी मारली, सगळ्यांना वाटलं उचलणार, आणि तिने स्वतःच अलगद पलीकडे टाकला. चेंडू रेषेबाहेर पडला, दोन बोटं. फुजैरा हरली.

मग तो भोंगा वाजला, लांबलचक, आणि सगळे उभे राहिले. रोहन माझा दंड धरून ओरडत होता, "मॅम, धिस इज गोल्ड! यांना कोण बाहेर काढणार होतं?"

"तू," मी म्हटलं.

नादियाने पंचांना मिठी मारली आणि मुलींनी प्लास्टिक अंथरायला घेतलं. रोहन म्हणाला, पंगतीला परवानगी नाही. नादिया म्हणाली, "कुठली पंगत? आम्ही जमिनीवर बसलोय, बस्स." वैदेहीच्या आईने त्याच्या हातात घावणा ठेवला. चौथ्या घावण्यानंतर त्याने कॅमेरावाल्याला बोलावून पंगतीचं चित्रीकरण करायला लावलं. पुढच्या सीझनला पंगतीलाही प्रायोजक मिळाला, पण त्यावर मी काही बोलणार नाही. जेवण निदान पुन्हा एकत्र झालं.

वैदेहीची आई मला वाढताना कानाशी येऊन म्हणाली, "म्हटलं होतं ना, ताई? ड्रॉ तुमच्याच हातात." मी घसा फोडून सांगितलं, की वहिनी, ती चूक होती, तूप होतं. त्यांनी डोळा मिचकावला. आजवर त्यांनी ते ऐकलेलं नाही. वैदेही त्याच कॉलेजातून पदवीधर झाली आणि आता नादियाच्या हाताखाली लहान मुलींना शिकवते. सुपर सिक्समध्ये फुजैरा कायमची आहे. म्हणजे सुपर सिक्समध्ये सात संघ खेळतात. नाव बदलायचं रोहनने काढलं होतं, पण टी-शर्ट छापून झाले होते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. वेळापत्रक आता सॉफ्टवेअर काढतं, सेकंदात काढतं, आणि चुकत नाही. डबा मी घरी आणला. या दिवाळीत पुन्हा त्यात लाडू भरले. भरण्याआधी तळाला हात फिरवून बघते, आता सवयच लागलीय.

लोक विचारतात, खरं सांगा, मुद्दाम ठेवली होती ना? हो म्हणावंसं फार वाटतं. पण मुद्दाम मी जे केलं, ते वेगळंच होतं. मीटिंगमध्ये हात वर केला, आणि घरच्या टेबलावर दोन चिठ्ठ्या नीट नाव वाचून बाजूला काढल्या. अजमानचा संघ त्या वर्षी बंद झाला, रास अल खैमाचा त्यानंतर. तिथेही सेटर होत्या, त्यांची नावं मला पाठ आहेत. त्या दोन्ही चिठ्ठ्या अजून माझ्या पर्समध्ये आहेत, अगदी स्वच्छ. त्यांना तूप लागलेलं नव्हतं, एवढंच.